‘छान आहे’ या उत्तराचा इतिहास

तुमच्यापैकी बरेच जण येत्या वर्ष-दोन वर्षांत कुणाच्या तरी दारात वही-पेन किंवा रेकॉर्डर घेऊन उभे राहणार आहात. विषय काहीही असू दे. शेतीचा, शाळेचा, मोबाइल बँकिंगचा. कधीतरी तुम्ही समोरच्याला विचारणार, ‘कसं वाटलं तुम्हाला हे?’ आणि समोरून हसून उत्तर येणार, ‘छान आहे.’ तुम्ही ते लिहून घेणार, तक्त्यात भरणार, टक्केवारी काढणार. मग प्रबंधात वाक्य येणार, की बहुसंख्य लोक समाधानी आहेत.

आता प्रश्न असा, की ते ‘छान’ नक्की कशाबद्दल होतं?

या प्रश्नावर ज्यांचं पोट चालतं अशा एका धंद्याचा इतिहास आज सांगते. कंपन्यांची वेबसाइट कशी असावी, लोकांना ती वापरता येते का, हे तपासून सल्ला देणाऱ्यांचा धंदा. आज त्याला युजर एक्सपिरियन्स कन्सल्टिंग म्हणतात. सामाजिक शास्त्रांतल्या मुलांना हा विषय आपला वाटत नाही. पण गंमत बघा, उत्तर चुकीचं ऐकलं म्हणून आपलं लगेच काही बिघडत नाही. प्रबंध मान्य होतो, व्हायवाही पार पडते. सल्लागाराचं मात्र बिघडतं. लोकांनी ‘छान’ म्हटलेली वेबसाइट चालू झाली आणि लोक ती अर्ध्यात सोडून जायला लागले, की ते लगेच आकड्यांत दिसतं. क्लायंटचा फोन येतो. म्हणून ‘छान’वर संशय घ्यायला ही मंडळी लवकर शिकली. आणि त्यातला एक महत्त्वाचा धडा मुंबईत गिरवला गेला.

पद्धत कुठून आली

आधी पद्धत समजून घेऊ. वेबसाइट तपासायची नेहमीची रीत अशी. एका माणसाला बोलवायचं, कॉम्प्युटरसमोर बसवायचं आणि एक काम द्यायचं. समजा, तिकीट काढा. काम करता करता मनात जे येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. शेजारी बसलेला माणूस मदत करत नाही, फक्त टिपणं घेतो. यालाच थिंक-अलाउड म्हणतात.

याच्या मागे मानसशास्त्र आहे. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० मध्ये मांडलं, की माणसाचं स्वतःच्या विचारांबद्दलचं बोलणं पुरावा म्हणून वापरता येतं, पण काही अटींवर. काम करतानाच डोक्यात चाललंय ते तो बोलत असेल तर ते बऱ्यापैकी भरवशाचं. तुम्ही कारणं विचारायला लागलात, की तो विचारच बदलतो. १९८२ मध्ये आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी ही रीत कॉम्प्युटरच्या रचनेसाठी वापरायची कशी ते लिहिलं. १९९३ मध्ये डोनाल्ड नॉर्मन अ‍ॅपलमध्ये गेले आणि तिथे त्यांनी आपल्या पदाच्या नावात ‘युजर एक्सपिरियन्स’ हे शब्द घेतले. २००० मध्ये जेकब निल्सन यांनी लिहिलं, की एका फेरीला पाच माणसं तपासली तरी पुरे. हा पाचाचा आकडा सल्लागारांना फारच आवडला, कारण पाच माणसांचा खर्च क्लायंटला पटवता येतो.

तुम्ही संशोधक म्हणून ही पद्धत वाचाल तेव्हा तिच्यात न बोललेली तीन गृहीतकं शोधा. एक, अनोळखी माणसासमोर मनातलं बोलायला लोकांना अवघड वाटत नाही. दोन, वस्तूला नाव ठेवणं म्हणजे ती करणाऱ्याला नाव ठेवणं नव्हे. तीन, शेजारी टिपणं घेत बसलेला माणूस कुणीच नाही, तो जणू भिंत आहे. ही पद्धत जिथे घडली तिथेही ही गृहीतकं पूर्ण खरी नव्हती. मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं, की प्रयोगात बसलेला माणूस प्रयोग करणाऱ्याला काय हवंय याचा अंदाज घेतो आणि तसं वागतो. एमिली जोन्स यांनी १९६३ मध्ये आग्नेय आशियातल्या सर्वेक्षणांबद्दल लिहिताना याच प्रकारच्या एका अडचणीला ‘कर्टसी बायस’ म्हटलं. मराठीत आपण त्याला भिडेचा कल म्हणू. म्हणजे इशारा ४० वर्षं आधी मिळालेला होता. वेबसाइटवाल्यांच्या पद्धतीत तो पोचायला वेळ लागला.

मुंबईत वेबसाइटचा धंदा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, मुंबईत रेडिफ सुरू झालं. त्याचे संस्थापक अजित बालकृष्णन जाहिरातीच्या क्षेत्रातून आले होते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या रीडिफ्यूजन या जाहिरात संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. हा तपशील लक्षात ठेवा. मुंबईच्या वेबला जाहिरातीच्या दुनियेचा वारसा आहे.

दुसरा वारसा पवईचा. आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर म्हणजे आयडीसी सुरू झालं. तिथे जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी होते. नंतर उल्का या जाहिरात संस्थेतून र. कृ. जोशी तिथे शिकवायला आले. विंडोजमध्ये आपण जो ‘मंगल’ फॉन्ट वापरत आलो तो याच जोशीसरांचा. पुढे त्याच संस्थेत अनिरुद्ध जोशी यांनी ‘कीलेख’ हा वर्णमालेच्या क्रमाने मांडलेला कीबोर्ड आणि मग २०१३ मध्ये मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ केलं. मराठी लिहिता येणाऱ्या पण इंग्रजी कीबोर्ड न जमणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेलं हे काम.

या दोन वारशांच्या सवयी वेगळ्या. जाहिरातीत लेआउट क्लायंटसमोर ठेवतात, तो बघतो, ‘लोगो जरा मोठा करा’ म्हणतो आणि मंजुरी देतो. पसंती त्याची, पैसेही त्याचे. डिझाइन शाळेची शिकवण अशी, की वस्तू वापरणाऱ्याकडे बघा, त्याचे हात कुठे अडतात ते बघा. सुरुवातीच्या वेबसाइट या बहुतेक पडद्यावरची माहितीपत्रकंच होती. वर कंपनीचं नाव, मग अध्यक्षांचा फोटो, मग ‘आमच्याविषयी’. माहितीपत्रकाला पहिली सवय पुरते. ते बघायचं असतं, वापरायचं नसतं.

मग वेबसाइट कामाला लागल्या. ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने रेल्वेचं तिकीट इंटरनेटवर देणं सुरू केलं. सुरुवातीला बुकिंग पडद्यावर व्हायचं आणि कागदी तिकीट कुरियरने घरी यायचं. ई-तिकीट २००५ मध्ये आलं. बँका, विमान कंपन्या, विमा कंपन्या सगळ्या याच वाटेने निघाल्या. आता पान दिसायला कसं आहे हा प्रश्न मागे पडला. रांगेत उभं राहून तिकीट काढणारा माणूस या पानावरून तिकीट काढू शकतो का, पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही तर त्याला काय कळतं, हा प्रश्न पुढे आला. आणि याचं उत्तर क्लायंटच्या पसंतीतून मिळत नाही.

या वळणावर वेबसाइट तपासून देणाऱ्या सल्लागारांना काम मिळायला लागलं. त्यातली एक जुनी कंपनी ह्यूमन फॅक्टर्स इंटरनॅशनल. एरिक शॅफर यांनी ती १९८१ मध्ये अमेरिकेत सुरू केली. तिचं एक कार्यालय मुंबईत झालं आणि तिथल्या कामाचं नेतृत्व अपाला लाहिरी चव्हाण यांच्याकडे होतं. आपली गोष्ट इथून सुरू होते.

भाचीचं लग्न आणि विमानाचं तिकीट

अडचण अशी होती. अमेरिकेत घडलेली तपासणीची रीत इथे तशीच वापरली, की माणसं येत, नीट बसत, काम करत, मध्येच अडखळत आणि शेवटी म्हणत, सगळं छान आहे. पडद्यावर माणूस अडकलेला दिसतोय आणि तोंडाने कौतुक चालू आहे.

चव्हाण यांनी यावर काढलेला उपाय ‘बॉलिवूड पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाला. शॅफर यांच्या २००४ च्या पुस्तकात तो आला आणि त्यानंतर अनेक अभ्यासकांनी त्याची चर्चा केली. उपाय असा. माणसाला नुसतं ‘तिकीट काढा’ असं सांगायचं नाही. त्याला एका हिंदी सिनेमात नेऊन ठेवायचं. तुमची लाडकी, भोळी भाची आहे. तिचं लग्न ठरलंय. आणि अचानक तुम्हाला कळतं, की नवरामुलगा सुपारी घेऊन खून करणारा गुंड आहे आणि त्याचं आधीच एक लग्न झालेलं आहे! पुरावा तुमच्या हातात आहे. आता तुम्हाला स्वतःसाठी आणि त्याच्या पहिल्या बायकोसाठी बंगळूरुचं विमानाचं तिकीट काढायचंय, तेही ताबडतोब. काढा तिकीट.

आणि माणसं बोलायला लागली. हे बटण इथे का आहे, याचं नाव असं का ठेवलंय, इतक्या पायऱ्या कशाला, असं धडाधड. जी माणसं एरवी काहीच म्हणाली नसती ती बारीकसारीक अडचणींवर तुटून पडली.

चव्हाण यांनी अशा आणखीही युक्त्या मांडल्या. नवरसांवर आधारलेली सिनेमाच्या तिकिटांसारखी ‘इमोशन तिकिटं’ ही त्यातलीच एक. म्हणजे ‘मला राग आला’ असं बोलायचं अवघड वाटत असेल तर रौद्र रसाचं तिकीट उचला.

आपल्याला यात नवल वाटायला नको. सोंग घेतलं की बोलायची मुभा मिळते हे या मातीत जुनं आहे. एकनाथांच्या भारुडात निरनिराळी सोंगं येऊन जे बोलून जातात ते कीर्तनकाराला सरळ बोलणं जड गेलं असतं. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाची टर उडवतो आणि राजाला हसावं लागतं. कारण बोलणारा तो माणूस नसतो, ते सोंग असतं. भाचीच्या मामालाही तसंच. नावं ठेवणारा मी नव्हे, संकटात सापडलेला मामा.

हा पुरावा कशाचा?

आता इथे थांबा. ही गोष्ट इतकी मजेशीर आहे, की आपण तिच्यावर लगेच विश्वास ठेवतो. ‘भारतीय माणूस भिडस्त असतो, त्याला बोलतं करायला नाटक लागतं,’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. गीर्ट हॉफस्टेड यांचं १९८० चं पुस्तक जोडीला घ्यायचं. आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणांवरून त्यांनी राष्ट्रांच्या संस्कृतींना गुण दिले होते. त्यातला सत्तेच्या अंतराचा गुण भारताला चांगला वरचा. झालं, स्पष्टीकरण तयार.

पण संशोधक म्हणून विचारा. बॉलिवूड पद्धतीने लोक बोलते झाले ते नेमकं कशामुळे? सोंग मिळालं म्हणून? घाई होती म्हणून? घाईत असलेला माणूस कुठेही चिडतो. की खेळ मजेचा होता आणि सगळं वातावरण सैल झालं म्हणून? हे वेगळं करून दाखवायचं असेल तर तुलना लागते. एक गट सोंगासह पण घाईशिवाय, एक गट घाईसह पण सोंगाशिवाय. सल्लागाराला त्याची गरज नसते. क्लायंटला वेबसाइटचे दोष हवे होते, ते मिळाले, काम संपलं. सल्लागाराचा पुरावा आणि संशोधकाचा पुरावा यांत हा फरक आहे, आणि तो कुणाला कमी लेखण्यासाठी सांगत नाहीये. दोघांचे प्रश्न वेगळे असतात एवढंच.

मग तुलना करणारी कामं आली. त्यातली दोन तुम्ही वाचलीच पाहिजेत.

पहिलं २००६ चं, रवी वत्रपू आणि मॅन्युएल पेरेझ-किन्योनेस यांचं, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमधलं. भारतीय सहभागींचे दोन गट केले. दोघांना वेबसाइटबद्दल त्याच रचनेची मुलाखत. फरक एकच: एका गटाला विचारणारा भारतीय, दुसऱ्याला विचारणारा गोरा अमेरिकन. भारतीय मुलाखतकाराला लोकांनी जास्त दोष सांगितले, जास्त सूचना केल्या. आता ‘भारतीय माणूस भिडस्त असतो’ या वाक्याचं काय झालं? दोन्ही गटांत भारतीयच होते. बदलला तो विचारणारा.

दुसरं २०१२ चं, निकोला डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, बंगळूरुतलं. ४५० मुलाखती. लोकांना दोन गोष्टी दाखवायच्या आणि त्यातली एक मुलाखत घेणाऱ्याने केलेली आहे असं भासवायचं. दोन्ही अगदी सारख्या असतानाही लोकांनी मुलाखतकाराची वस्तू सुमारे अडीचपट जास्त वेळा पसंत केली. मुलाखतकार परदेशी असेल आणि सोबत दुभाषी लागत असेल, तर हा कल पाचपटीवर गेला. आणि मुलाखतकाराची वस्तू मुद्दाम, उघड दिसेल इतकी खराब केली तरी लोक तीच निवडत राहिले.

हे वाचल्यावर ‘छान आहे’ या उत्तराचा अर्थच बदलतो. हे उत्तर वस्तूबद्दल नसतं. ते तुमच्याबद्दल असतं. समोरचा माणूस तुमच्या आणि त्याच्या नात्याला उत्तर देतोय. खोटं बोलत नाहीये तो. तुम्ही एक प्रश्न विचारला, त्याने दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.

आपल्या भाषेत तर याचं अख्खं व्याकरण आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ‘पोहे कसे झालेत?’ याला ‘मीठ जास्त झालंय’ असं उत्तर आजवर कुणी दिलंय? आणि निघताना मुलाकडचे ‘कळवतो’ म्हणतात तेव्हा काय कळवलं गेलं ते आतल्या खोलीतल्या आजीलाही समजतं. ‘बघू’, ‘हरकत नाही’, ‘ठीक आहे’, ‘तसं बरंय’. मराठी माणूस नकार देत नाही हे चूक आहे. तो नकार व्यवस्थित देतो. तो ऐकायला तुम्हाला त्या घरातलं व्हावं लागतं. प्रश्नावलीतल्या ‘हो, नाही, सांगता येत नाही’ या तीन चौकोनांत ‘कळवतो’ कुठे टाकणार?

गिरीजमध्ये प्रश्न कोण विचारतं

आता मी राहते त्या गिरीजकडे येऊ. वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं हे गाव. इथे वज्रगड आहे. हिराडोंगरी म्हटलं की लोकांना लवकर कळतं. आजूबाजूला वाड्या, केळी, फुलं आणि त्यांच्यामधून उगवलेल्या इमारती. समजा तुम्ही एका कंपनीसाठी आलात. फळं-फुलं विकायला शेतकऱ्यांसाठी वेबसाइट काढलीय, ती तुम्हाला इथल्या लोकांना दाखवून तपासायची आहे. अंगणात खुर्ची मिळेल, पाणी मिळेल, चहा येईल. मोबाइलवर पान बघून लोक म्हणतील, छान आहे.

याला भिडस्तपणा म्हणून सोडून देऊ नका. इथे प्रश्न विचारायला कोण कोण येऊन गेलंय ते बघा. १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं गेलं. वसई तालुक्याची जमीन, पिकं, जाती, चालीरीती त्यात आहेत आणि ती माहिती सरकारी अधिकाऱ्यांमार्फत गोळा झालेली आहे. पिकाची चौकशी करणारा आणि सारा वसूल करणारा एकाच कचेरीतून येत असेल तर शेतकरी पीक कसं आलं म्हणून सांगेल? १९९० मध्ये वसई-विरार भागासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. हिरव्या पट्ट्याचं काय होणार या चिंतेतून हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात पुढे होते. २००९ मध्ये महापालिका झाली आणि गावं तिच्यात असावीत की नसावीत यावर पुन्हा मोठा संघर्ष झाला. म्हणजे हातात कागद घेऊन ‘तुमचं मत काय?’ विचारत येणारा माणूस या पट्ट्यात कधीच ‘कुणीच नाही’ नव्हता. त्याच्या मागे कचेरी असते, नकाशा असतो, कधी बिल्डर असतो. अशा माणसाला पहिल्या भेटीत ‘छान आहे’ म्हणून चहा देऊन वाटेला लावणं हा शहाणपणा आहे. पिढ्यांनी शिकलेला.

म्हणून संस्कृती हा शब्द वापरताना जपा. ‘त्यांच्या संस्कृतीत बोलत नाहीत’ असं लिहिलं की दोष समोरच्याच्या स्वभावात जातो आणि विचारणारा सुटतो. इतिहास बघितला की विचारणाराही चित्रात येतो.

क्लायंटलाही ‘छान’च ऐकायचं असतं

या धंद्याची आणखी एक बाजू आहे. भीड फक्त युजर आणि सल्लागार यांच्यात नसते, सल्लागार आणि क्लायंट यांच्यातही असते. पैसे देणाऱ्याला ‘तुमची वेबसाइट कुणाला कळत नाही’ हे सांगायचं कसं? विशेषतः ती ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते साहेब मीटिंगमध्ये समोरच बसलेले असताना?

यासाठी सल्लागारांनी जगभर वापरलेला उपाय म्हणजे तपासणीचा व्हिडिओ. अहवालाची जाड फाइल बाजूला ठेवायची आणि एक तुकडा दाखवायचा. एक बाई तिकीट काढतेय, तेच बटण चार वेळा दाबतेय, मग नाद सोडतेय. खोलीत शांतता होते. सल्लागाराने एक शब्दही उच्चारलेला नसतो. त्याने म्हटलं असतं तर तो अपमान झाला असता, ग्राहकाकडून आलं की ती माहिती होते. हेही सोंगच म्हणा हवं तर. खरं बोलायला दुसऱ्याचं तोंड लागलं.

हा इतिहास लिहायचा कसा

तुमच्यापैकी कुणाला या विषयावर काम करायचं असेल, तर साधनांची अडचण आत्ताच सांगते. सल्लागारांची कामं गोपनीयतेच्या कराराखाली होतात. अहवाल क्लायंटच्या कपाटात जातात. आणि ज्या वेबसाइटवर काम झालं त्या दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, जुनी पुसली जाते. १८८२ चं गॅझेटियर आज वाचनालयात मिळतं. २००२ चं तिकिटाचं पान मिळवायला धडपडावं लागतं.

तरी वाटा आहेत. इंटरनेट अर्काइव्हने १९९६ पासून साठवलेली जुनी पानं २००१ पासून वेबॅक मशीनवर सगळ्यांना बघता येतात. चित्रं तुटलेली असतात, फॉर्म चालत नाहीत, पण मांडणी कळते. परिषदांची इतिवृत्तं आहेत: २०१७ ची इंटरअ‍ॅक्ट ही आंतरराष्ट्रीय परिषद आयआयटी मुंबईतच भरली होती. जुन्या वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिराती बघा, ‘वेब डिझायनर’चा ‘यूएक्स डिझायनर’ केव्हा झाला ते तिथे सापडतं. आणि सर्वांत महत्त्वाचं साधन म्हणजे त्या काळात काम केलेली माणसं.

त्यांच्या मुलाखती घ्यायला गेलात, की तुम्ही पुन्हा पहिल्या प्रश्नाशी येऊन पोचता. तुम्ही विद्यार्थी, ते त्या क्षेत्रातले ज्येष्ठ. तुम्ही विचारणार, ‘ते दिवस कसे होते?’ उत्तर काय येणार ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

तुमच्या कामासाठी चार गोष्टी

पहिली. मत विचारू नका, घटना विचारा. ‘वेबसाइट कशी वाटली?’ ऐवजी ‘मागच्या वेळी तिकीट काढलंत तेव्हा काय काय केलंत, क्रमाने सांगा.’ ज्येष्ठ सल्लागारालाही तेच: ‘ते दिवस कसे होते’ सोडा, ‘क्लायंटने नाकारलेला एखादा अहवाल आठवतो का’ असं विचारा.

दुसरी. दाखवायची वस्तू तुमची नाही हे समोरच्याला कळू द्या, आणि शक्य असेल तर ती खरंच तुमची नसू द्या. एकाऐवजी दोन-तीन नमुने ठेवा. ‘हे छान आहे का?’ याला एकच सभ्य उत्तर असतं. ‘यातलं तुमच्या शेजारणीला कुठलं जमेल?’ याला अनेक असतात. शेजारीण हे आपलं घरगुती सोंग आहे, तिच्या नावावर माणसं बरंच खरं बोलतात.

तिसरी. शब्दांसोबत हातही लिहून घ्या. तोंड ‘छान’ म्हणत असताना बोट कुठे थांबलं, चष्मा केव्हा काढला, फोन मुलाच्या हातात केव्हा दिला. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवा. त्या जिथे जुळत नाहीत तिथे तुमचं प्रकरण आहे.

चौथी. पद्धतीच्या प्रकरणात स्वतःला लिहा. मी कोण म्हणून त्या अंगणात गेले, कुणाच्या ओळखीने गेले, कुठली भाषा बोलले, माझ्या हातात काय होतं. वत्रपू आणि डेल यांची कामं वाचल्यावर ही माहिती प्रस्तावनेतली शोभा राहत नाही. ती मोजमापाचा भाग आहे. वजनकाटा कुठल्या बाजूला झुकलेला आहे हे सांगितल्याशिवाय वजन सांगण्यात अर्थ नाही.

बॉलिवूड पद्धत जशीच्या तशी वापरा असं माझं म्हणणं नाही. गिरीजच्या अंगणात गुंड नवऱ्याची गोष्ट सांगितलीत तर लोक हसतील आणि आणखी एक चहा देतील. त्या पद्धतीमागचं धाडस मात्र घ्या. मुंबईतल्या काही सल्लागारांना परदेशातून पूर्ण बांधून आलेली, नावाजलेली पद्धत मिळाली होती. ती इथे चालत नाही असं दिसल्यावर ‘इथले लोकच असे’ म्हणून ते थांबले नाहीत. प्रश्न विचारण्याची रीत त्यांनी बदलून पाहिली. तुमच्या विभागात मिळणारी छापील प्रश्नावलीही अशीच कुठून तरी आलेली असते. ती भरायला घेण्याआधी एकदा तिला विचारा, की बाई, तू कुणाच्या घरात वाढलीस?